मागच्या दारानं दिलेला अजेंडा

सभेच्या दिवशी पाणी कधी न्यायचं आणि चहा कधी न्यायचा, हे समजायला मला तीन वर्षं लागली. बाहेरच्या माणसाला वाटतं, तहान लागली की पाणी आणि कंटाळा आला की चहा. नगरपंचायतीत तसं नसतं. तिथं पाणी भांडणावर देतात आणि चहा ठरावावर.

दोन नगरसेवक उभे राहून एकमेकांच्या वॉर्डातली घाण काढायला लागले की मी पाणी न्यायची. माणूस पाणी पिताना ओरडू शकत नाही. ग्लास काठोकाठ भरायचा, म्हणजे सांडू नये म्हणून त्याला आधी खाली बसावं लागतं. एकदा बसलेला माणूस सहसा परत उठून भांडत नाही, कारण आमच्या सभागृहाच्या खुर्च्या खोल होत्या आणि नगरसेवकांचे गुडघे जुने होते.

चहाचं काम याहून नाजूक. आमचे बडे बाबू, म्हणजे कार्यालयातले सगळ्यात जुने कारकून, सभेत अध्यक्षांच्या शेजारी बसत. त्यांच्यापुढं टेबलावर पितळी घंटी असे. ती एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की चहा. अध्यक्ष साहेबांना एखादा विषय बोलाचालीशिवाय पुढं न्यायचा असला की ते बाबूंकडं बघत, बाबू दोनदा घंटी वाजवत आणि मी ट्रे घेऊन आत जाई. चहासोबत बिस्कीट असे. चहात बुडवलेलं बिस्कीट मोठं घातकी असतं. नजर हलली की ते कपात पडतं. सगळे जण आपापल्या बिस्किटाकडं बघत असताना बाबू विषय वाचून टाकत आणि विचारत, "मंजूर?" तोंडात बिस्कीट असलेला माणूस "हं" एवढंच म्हणू शकतो. तो "हं" वहीत "सर्वानुमते मंजूर" असा उतरत असे.

पहिली तीन वर्षं मी समजत होते की मी चहा देते. नंतर कळलं की मी ठराव पास करते.

माझे मालक ग्रामपंचायतीत शिपाई होते. ते गेले आणि त्यांची जागा मला मिळाली. पुढं ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. खुर्च्या वाढल्या, पाटी नवी झाली, नळाला पाणी होतं तेवढंच राहिलं. माझं शिक्षण चौथी. खरं तर तेही अर्धंच धरावं लागेल. मास्तर हजेरी घ्यायचे तेव्हा "हजर" म्हणायला मला लाज वाटायची. मी पहिल्या रांगेत बसलेली असायची आणि मास्तर मला गैरहजर मांडायचे. ती लाज पुढं गेलीच नाही. बाप्या माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही. सव्वीस वर्षं नोकरी केली, सभागृहात मी एक शब्द बोललेले नाही. त्यामुळं माझ्यासमोर सगळे सगळं बोलत. गाव मला जेवढं माहीत आहे तेवढं पोलीस पाटलालाही नसेल.

किती तऱ्हेची माणसं यायची. एक गुरुजी दर सोमवारी तक्रार घेऊन यायचे की त्यांच्या दारापुढचा दिव्याचा खांब विझतच नाही, दिवसाही जळतो. बाकी गावाची तक्रार की दिवे लागत नाहीत. बाबूंनी त्यांना सुचवलं की ज्यांचा दिवा लागत नाही त्यांच्याशी घराची अदलाबदल करा. गुरुजी रागावून गेले. पुढच्या सोमवारी परत आले आणि म्हणाले, बघितलं घर, पण तिथं नळ नाही.

पण मला सांगायचंय ते शाळेच्या फाटकाचं.

आमच्या सभागृहात नऊ खुर्च्या बायांच्या होत्या. टेबलावर प्रत्येकीच्या नावाची पाटी, सौ. अमुक, सौ. तमुक, आणि पाटीच्या मागं मिशा. बाया निवडून आल्या होत्या, कारभार नवरे करायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. नऊ जणांना चहात साखर किती हे मला पाठ होतं.

मग नवीन सीओ साहेब, म्हणजे मुख्याधिकारी, आले. परीक्षा देऊन आलेला, चष्मेवाला, तरुण माणूस. पहिल्याच सभेत ते पाट्या वाचत वाचत एका खुर्चीपाशी थांबले. पाटी सौ. गयाबाईंची. खुर्चीत त्यांचे मालक, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं. सीओ साहेबांनी नम्रपणे विचारलं, "गयाबाई आपणच का?"

तात्या सवयीनं म्हणाले, "व्हय, मीच की."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. एकट्या सीओ साहेबांनी चष्मा पुसून पाटी परत वाचली. दुसऱ्या दिवशी त्यांनी हुकूम काढला की सभागृहात फक्त निवडून आलेली माणसं बसतील, नवऱ्यांनी व्हरांड्यात थांबावं. पुढच्या सभेला नऊ नवरे व्हरांड्यात, नऊ खुर्च्या रिकाम्या, आणि उरलेल्यांतही काही जण बारशाला गेलेले. माणसंच पुरी भरली नाहीत आणि सभा मोडली. त्या दिवशी अर्धा डबा बिस्किटं उरली. असं आधी कधी झालं नव्हतं.

त्या मोडलेल्या सभेत तीन मोठे विषय होते आणि पैसा एकाच विषयापुरता शिल्लक होता. पहिला, गावाच्या वेशीवर स्वागत कमान. अध्यक्ष साहेबांना तिच्यावर आपल्या वडिलांचं नाव घालायचं होतं. दुसरा, माझ्याच गल्लीची गटार. आणि तिसरा, मुलींच्या शाळेच्या फाटकावर होमगार्ड बाई. शाळा भरताना आणि सुटताना फाटकासमोर फटफट्यांच्या फेऱ्या चालत. पोरं हॉर्न वाजवत, नावं घेत, पोरींच्या मागं कोपऱ्यापर्यंत जात. हेडबाईंनी अर्ज केला. पोलीस ठाण्यानं सांगितलं, माणूस देतो, भत्ता तेवढा नगरपंचायतीनं द्यावा.

माझी नात रेणू त्या शाळेत नववीला होती. माझा मुलगा बाळू आणि सून दरवर्षी दसरा झाला की ऊस तोडायला जातात. तेव्हा रेणू माझ्याजवळ राहते. त्या वर्षी तिच्या वर्गातल्या दोन पोरी फाटकापायी शाळा सोडून घरी बसल्या. बाळूच्या कानावर ते गेलं. एक दिवस जेवता जेवता तो मला म्हणाला, "आये, औंदा रेणूला संगं नेतो. तू हापिसात असती. हितं तिच्याकडं बघणार कोण?"

आमच्याकडं हे सगळ्यांना माहीत आहे. उसाच्या फडावर गेलेली पोर परत येते ती दहावीला येत नाही, मांडवात येते. सुनेचंही तसंच झालं होतं. ती उमापूरची, सातवीत पहिली आलेली. तिनं ताटावरून मान वर केली नाही. रेणू उठली. तिनं पुस्तकं पुसली, एकावर एक रचली आणि पेटीत ठेवली. दसऱ्याला महिना होता.

सभा मोडल्यावर सीओ साहेब म्हणाले, निर्णय होईपर्यंत कार्यालयातलं कुणीतरी फाटकावर उभं करा. बाबूंनी सगळीकडं नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. घंटागाडीवाल्यानं आपली जादा शिट्टी दिली. चौकीदाराचा खाकी शर्ट दिला, तो माझ्या गुडघ्यापर्यंत येत होता. तो लुगड्यावर घालून मी फाटकावर जाऊन उभी राहिले. रेणूनं मला लांबूनच बघितलं आणि ती मैत्रिणीला म्हणाली, आजी शाळेत डबा द्यायला आलीय.

फटफट्या आल्या. चार फटफट्या, सात पोरं. मी शिट्टी तोंडाजवळ नेली, पण एवढ्या लोकांत वाजवायची कशी? मग मी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि पदराच्या आत वाजवायला बघितलं. हवा गेली, आवाज झाला नाही. दुसऱ्यांदाही तेच. एक पोरगा फटफटी थांबवून जवळ आला. मोठ्या काळजीनं म्हणाला, "आजी, दम लागलाय का? घरी सोडू?" तो गयाबाईंचा पप्पू होता. सगळ्यात मोठा हॉर्न त्याच्याच फटफटीला.

तिसऱ्या दिवशी मी डोळे मिटले आणि जीव एकवटून वाजवली. शिट्टी गावभर गेली. पण ती होती घंटागाडीची शिट्टी. शाळेच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांतून बाया कचऱ्याच्या बादल्या घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, आज घंटागाडी दुपारची आली. माझा खाकी शर्ट बघून त्यांची खात्रीच झाली. एकीनं बादली माझ्या हातात दिली, दुसरीनं पायाशी ठेवली, तिसरी म्हणाली, "मावशी, गाडी कुठंय? रोज उशीर करता आन् आज गाडीच न्हाई?" रस्ता बादल्यांनी भरला. फटफट्यांना जागाच राहिली नाही, पोरं माघारी गेली. त्या दिवशी पोरी निवांत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी वाजवली तर कुणीही आलं नाही. मला काढून परत चहावर पाठवलं.

सभा पुन्हा नव्यानं लावली. आता बाहेरच्यांना अजेंडा वाटपाचं काम सांगते. सभेत कोणते विषय येणार त्याचा कागद म्हणजे अजेंडा. तो सभेआधी प्रत्येक नगरसेवकाला पोहोचवायचा आणि पोहोच वहीवर त्याची सही आणायची. हे काम शंकर शिपायाचं. त्याची पद्धत सोपी होती. चौकातल्या हॉटेलात सकाळी सगळे पुढारी बसत. शंकर तिथं गठ्ठा ठेवायचा, वही फिरायची. नवरे आपली सही करायचे आणि ज्यांच्या बायका नगरसेविका, ते बायकोची करायचे. तात्या गयाबाईंची सही लई झोकदार करायचे, खाली दोन रेघा आणि एक ठिपका.

त्याच आठवड्यात शंकर कोंडवाड्यात म्हैस घालताना पडला आणि पाय मोडून अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेला. बाबू मला म्हणाले, मावशी, हॉटेलात जा, वही फिरवा आणि या. पाच मिनिटांचं काम आहे.

मी हॉटेलापर्यंत गेले. आत पंधरा-वीस माणसं, सगळ्यांचे पाय बाकावर. मी रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली उभी राहिले. म्हटलं, जरा गर्दी कमी होऊ द्यावी. गर्दी वाढली. एक जण बाहेर येऊन थुंकला आणि त्यानं माझ्याकडं बघितलं, तशी मी तिथून निघालेच. गठ्ठा तर वाटायचा होता. मग मला जमतं तेच मी केलं. घराघरांत गेले, मागच्या दारानं. मागच्या दाराला बाया असतात, तिथं मला बोलता येतं.

पहिलं घर गयाबाईंचं. त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी कागद पुढं केला. त्या म्हणाल्या, "हे बाहेर गेलेत, त्यांना द्या."

मी म्हणाले, "कागदावर तुमचंच नाव हाय."

त्यांनी हात धुतले आणि कागद उजेडाला धरला. त्या सातवी शिकलेल्या. नाव वाचलं, मग पुन्हा वाचलं. तीन वर्षं त्या नगरसेविका होत्या आणि अजेंडा पहिल्यांदाच हातात धरत होत्या. तव्यावरची भाकरी करपली, ती मी उलटली. वाचता वाचता त्या शाळेच्या फाटकावर थांबल्या.

"ही पोरं कुणाची हायेत, मावशी?"

अंगणात पप्पूची फटफटी उभी होती, तिच्याकडं माझी नजर गेली. ती तिथंच होती, नजर कुठंतरी जाणारच. गयाबाईंनीही तिकडं बघितलं. फटफटीच्या पुढं तो हॉर्न होता, लाल, डब्याएवढा. मग त्यांनी वही ओढली आणि सही केली. हळूहळू, एकेक अक्षर. खाली रेघ नाही, ठिपका नाही.

"म्हंजी मीच यायचं का सभेला?"

"हुकूम तसाच हाय," मी म्हणाले. एका दमात एवढं मी त्या महिन्यात बोलले नव्हते.

अशी मी सतरा घरं फिरले. नऊ ठिकाणी बायांनी आपलाच अजेंडा आपणच घेतला. एकीनं विचारलं, साडी कोणती घालू. उरलेल्या आठ ठिकाणी नगरसेवक बाप्ये होते, ते हॉटेलात. मग त्यांच्या बायकांनी घेतला आणि नवऱ्याच्या नावापुढं स्वतःची सही केली. वहीवर सह्या पाहिजेत एवढंच मला माहीत होतं, सह्या झाल्या. त्या आठ कागदांचं पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. एक पिठाच्या डब्याखाली गेला, एक देवाच्या फोटोमागं, एकावर पापड वाळले.

बाबूंनी वही बघितली नाही. सह्या मोजल्या, सतरा भरल्या, वही मिटली. पाच मिनिटांच्या कामाला मी दोन दिवस लावले म्हणून तेवढे बोलले.

सभेच्या दिवशी अकराला बाया आल्या. नऊच्या नऊ. जरीच्या साड्या, नाकात नथी, एकीच्या हातात हळदीकुंकवाचा करंडा. घरातून निघताना सवयीनं घेतला म्हणाली. आणलाच आहे म्हणून तिनं सगळ्यांना कुंकू लावलं, आणि सीओ साहेब मध्येच बसलेले असल्यामुळं त्यांनाही लावलं. त्यांनी रुमालानं पुसलं नाही, हे मी ध्यानात ठेवलं. बाप्ये अध्यक्ष धरून चारच आले होते, ज्यांच्या बायकांनी कागद आठवणीनं दिला ते. अध्यक्ष साहेब रिकाम्या खुर्च्यांकडं बघत होते आणि बाबू भरलेल्या खुर्च्यांकडं.

व्हरांड्यात नवरे नव्हते. त्यांना सभा आहे हेच माहीत नव्हतं. मी नंतर गयाबाईंना विचारलं की तुम्ही घरी बोलला नाहीत का. त्या म्हणाल्या, "मी लपीवलं न्हाई. त्यांनी इचारलं न्हाई."

पहिले सहा विषय भराभर झाले. टँकर, धुराची मशीन, डुकरं. बाया ऐकत होत्या. डुकरांवर एकजण खूप वेळ बोलली आणि मुद्द्याचं बोलली. मग सातवा विषय आला, कमान. आठवा गटार, नववा फाटक. कमान आधी पास झाली की पुढच्या दोन्हींना काही उरणार नव्हतं. हे मला माहीत होतं, बाबूंना माहीत होतं, अध्यक्ष साहेबांना तर होतंच. ते बाबूंकडं वळले.

घंटी दोनदा वाजली.

मी शेजारच्या खोलीत शेगडीपाशी होते. पातेलं वर होतं, दूध घातलेलं, आलं घातलेलं. उकळी यायला आली होती. ट्रेमध्ये तेरा बश्या मांडलेल्या, प्रत्येकीत दोन बिस्किटं. मला बसस्टँडवरच्या बायांच्या संडासाचा विषय आठवला. तो सहा वर्षांत चार वेळा पुढं ढकलला गेला होता, चारही वेळा चहावर, आणि चारही वेळा ट्रे माझाच होता. मग मला पेटीत रचलेली पुस्तकं आठवली. मी खाली वाकले आणि गॅसच्या टाकीचं बटण फिरवलं. जाळ फुस्स करून गेला.

परत दोनदा घंटी. मी उभीच. मग तीनदा वाजली. मग चारदा. चार घंट्या आमच्या कार्यालयात कशालाच नव्हत्या. मी दाराच्या फटीतून बघत होते. बाबू विषय वाचून मोकळे झाले होते, पण कुणाच्या तोंडात काहीच नव्हतं. सभागृहात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत गयाबाई म्हणाल्या, "बाबू, परत एकदा वाचा. सावकाश."

बाबूंनी सातवा विषय सावकाश वाचला. सावकाश वाचल्यावर कमान फारच मोठी वाटायला लागली. गयाबाई म्हणाल्या, आता नववा वाचा. तोही वाचला.

एवढ्यात व्हरांड्यात गडबड झाली. हॉटेलात बातमी पोहोचली होती. नवरे धावत आले आणि खिडकीला लागले. आत यायची मनाई, म्हणून तात्यांनी खिडकीतून खोकायला सुरुवात केली. त्यांचं आपसात असं ठरलेलं होतं की पुढं बायकांना आणून बसवायचं, आणि बाहेरून एकदा खोकलं की हो, दोनदा खोकलं की नाही. पण ते बायकांना सांगायचं राहूनच गेलं होतं. तात्या दोनदा खोकले. थांबले, परत दोनदा.

गयाबाईंनी मान न वळवता सांगितलं, "खोकला झाला आसंल तर घरी आद्रक हाय, घ्या." करंडेवाली बाई उठली आणि तिनं खिडकी लावून घेतली.

मग गयाबाई अध्यक्ष साहेबांकडं वळल्या. आवाज बारीकच होता, पण ऐकू येत होता. "साहेब, कमान एका जाग्यावर हुबी राहती. तिच्या मागं कुणी फटफटी लावीत न्हाई. ती एक साल थांबंल. पोरी थांबत न्हाईत, त्या टोळीसंगं जात्यात." जरा थांबून त्या म्हणाल्या, "त्यात एक फटफटी माझ्या घरची हाय. म्हणून मलाच बोलावं लागतंय."

फाटकासाठी हात वर करा, असं सीओ साहेब म्हणाल्यावर बांगड्या वाजल्या. बाबूंनी मोजलं तर नऊ बाया आणि दहा हात भरले. एकीनं दोन्ही वर केले होते. परत मोजावं लागलं. मग चारातल्या दोघा बाप्यांनीही इकडंतिकडं बघून वर केला.

तेवढ्यात एक नगरसेवक धापा टाकत आत आले. ही सभाच बेकायदा आहे म्हणाले, मला अजेंडाच मिळाला नाही. सीओ साहेबांनी पोहोच वही उघडून दाखवली. नगरसेवक म्हणाले, ही माझी सही नाही, बायकोची आहे. सीओ साहेबांनी वहीची मागची पानं एकेक करून उलटली. प्रत्येक पानावर सौ. गयाबाई, खाली दोन रेघा आणि एक ठिपका. ते म्हणाले, "बायकोनं नवऱ्याची सही केलेली चालत नसेल, तर नवऱ्यानं बायकोची केलेलीही चालणार नाही. मग तीन वर्षांच्या सगळ्या सभा रद्द धरू या का?"

त्या तीन वर्षांत त्यांच्या वॉर्डातला रस्ता झाला होता, आणि तो वाहूनही गेला होता. ते विचार करत उभे राहिले. मी घंटीची वाट न बघता पाणी घेऊन गेले, काठोकाठ भरलेलं. ते खाली बसले.

सभा संपल्यावर बाबू शेगडीच्या खोलीत आले. टाकीचं बटण फिरवलं, आत गॅस भरपूर होता. शेगडी पेटवली. माझ्याकडं बघितलं. मी बश्या पुसत होते. त्यांनी उभ्या उभ्या चहा घेतला, आणि बिस्कीट त्यांच्या कपात पडलं.

आता बाबू सेवानिवृत्त झालेत आणि गावच्या दिवाळी अंकाचं काम बघतात. त्यांनीच मला निरोप पाठवला की मावशी, नोकरीचं काहीतरी लिहा, त्या टाकीचंही लिहा. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक आहे. लिहून तर झालं. द्यायला जायचं तर त्यांच्या घराला मागचं दार नाही, म्हणून ते अजून माझ्याकडंच आहे.

आमच्या गल्लीची गटार काही झाली नाही. त्या वर्षीचा पैसा फाटकावर गेला आणि पुढच्या वर्षी कमान झाली. आजही मी लुगडं वर धरून उडी मारूनच घरात जाते. शेजारीण दर पावसाळ्यात नगरपंचायतीला शिव्या देते. मी नगरपंचायतीचीच, म्हणून ऐकून घेते. बटण मी फिरवलं हे तिला अजून सांगितलेलं नाही.

होमगार्ड बाई दसऱ्याच्या आठ दिवस आधी आली. आडवी, ठणठणीत, एका हातात छत्री आणि खिशात फुटाणे. पहिल्याच दिवशी तिनं सातही पोरांची नावं वहीत उतरून घेतली, मग त्यांच्या आजोळची गावंसुद्धा. पप्पू तेव्हा पायीच आला होता. फटफटीची चावी गयाबाईंच्या कमरेच्या पिशवीत होती, हॉर्न भंगारात. पण बाळू हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्यानं ऊसतोडीच्या मुकादमाला सांगून गाडीत रेणूची जागा धरून ठेवली होती. पेटी अजून बांधलेलीच होती.

टोळी निघायच्या दिवशी गाडी दारात आली तेव्हा शाळा भरायची वेळ होती. रेणूनं पेटी उघडली, पुस्तकं दप्तरात भरली, बापाकडं बघितलं आणि गटारीवरून उडी मारून चालायला लागली. बाळू तिला थांबवायला उठला नाही. "जाऊ दे," एवढंच म्हणाला, "गाडी शाळंवरूनच जाणार हाय." म्हणजे तिथून घेऊ, असं त्याच्या मनात होतं की काय, मला कळलं नाही. त्यानं पेटी तेवढी गाडीत चढवली. मी शर्यत लावल्यासारखी फाटकाकडं गेले.

गाडी आली. वर बाया, पोरं, भांडी, कोयते, दोन शेळ्या. ड्रायव्हरनं फाटकापाशी जोरात हॉर्न वाजवला. होमगार्ड बाईनं फुटाणे खिशात टाकले, रस्त्याच्या मधोमध आली आणि शिट्टी वाजवली. गाडी थांबली. ती ड्रायव्हरला म्हणाली, "पोरींच्या शाळंपुढं हॉर्न वाजवायचा न्हाई. वहीत नाव घालू का?" ड्रायव्हर गडबडला. शिट्टी ऐकून दोन्ही गल्ल्यांतून तीन-चार बाया कचऱ्याच्या बादल्या घेऊन बाहेर आल्या आणि गाडीभोवती उभ्या राहिल्या.

बाळू वरून हे सगळं बघत होता. मग त्याला फाटकाच्या आत, प्रार्थनेच्या रांगेत, रेणू दिसली. तो खाली वाकला, पेटी उचलली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, "आये, हिच्यात तिचा चांगला झंपर हाय. घरी ने."

होमगार्ड बाईनं हात केला. गाडी हॉर्न न वाजवता वळणावरून गेली. आत हेडबाई हजेरी घेत होत्या. रेणूचं नाव आलं तेव्हा तिनं असं ठणकावून "हजर" म्हटलं, की एक बादलीवाली दचकली.